गावतलाव आणि प्रतिजैविके : एका सोयीच्या समजाचा प्रतिवाद

मत्स्यशेतीतली प्रतिजैविके आणि त्यांना न जुमानणारे जिवाणू हा किनारपट्टीवरच्या कोळंबीचा प्रश्न आहे, देशाच्या मध्यभागातल्या गावतलावांना तो लागू होत नाही, असा समज जाणत्या माणसांतही रुजलेला आहे. बालाघाटसारख्या जिल्ह्याकडे पाहिले की तो आणखी पटू लागतो. येथे रोहू, कटला, मृगळ वाढतात. तलाव पावसाने भरतात. ढीवर-ढीमर समाजाच्या सहकारी संस्था ते पट्ट्याने घेतात. मासा गावात नाहीतर आठवडी बाजारात विकला जातो. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. परदेशी गिऱ्हाईक नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून प्रश्न दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तो नाहीच असे धरायचे, अशी या समजाची बांधणी आहे. त्याच्या आधाराला ज्या हरकती पुढे केल्या जातात त्यांतली एकही तपासून पाहिल्यावर टिकत नाही.

आधी तलाव म्हणजे काय हे पाहिले पाहिजे, कारण समजाची पहिली चूक तिथेच होते. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. त्याचा दक्षिणेकडचा सखल धानपट्टा, म्हणजे वारासिवनी, कटंगी, खैरलांजी, लांजी, किरणापूर हा मुलूख, आजही भंडारा-गोंदियाच्या तलावप्रदेशाला सलग लागून आहे. मालगुजारीच्या काळातले तलाव आणि शेतालगतच्या बोड्या ही या साऱ्या पट्ट्याची जुनी सिंचनव्यवस्था. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आणि पुढे पंचायतींकडे आले, पण त्यांचा वापर बदलला नाही. एकाच तलावात सकाळी माणसे आंघोळ करतात, दुपारी म्हशी डुंबतात, पाळीवर कपडे धुतले जातात, एका अंगाला शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात. पावसाने ओढ दिली की मोरी उघडली जाते आणि तेच पाणी बांध्याबांध्यांतून उतरत खालच्या बोडीत जाते. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ काढून शेतात टाकतात. कोळंबीचे तळे बांधून काढलेले आणि वेगळे ठेवलेले असते. त्यात कोणी पाय टाकत नाही. गावतलावाला असा आडपडदा नाही. त्यात पडलेली वस्तू माणूस, जनावर, धान आणि माती या चौघांपर्यंत पोहोचते.

पाणी जिल्ह्यातही थांबत नाही. सिवनीकडून आलेली वैनगंगा बालाघाट शहराजवळून वाहते, दोन राज्यांच्या सीमेवरून गोंदिया-भंडाऱ्याकडे वळते, पवनीजवळ गोसेखुर्दच्या जलाशयात शिरते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. बावनथडीचा राजीव सागर प्रकल्प तर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने मिळूनच बांधला आहे. वाघ नदी दोन्ही राज्यांची हद्द आखते. या पट्ट्यातल्या तलावांचे जादा पाणी शेवटी याच नद्यांना येते. जिवाणूला राज्याची सीमा ठाऊक नसते. ती फक्त खात्यांना ठाऊक असते.

औषध पाण्यात कसे वागते, हा पुढचा मुद्दा. गाईला सुई टोचली की औषध गाईच्या अंगात जाते. हजारो माशांच्या तलावात प्रत्येकाला सुई टोचता येत नाही, म्हणून औषध खाद्यातून किंवा सरळ पाण्यात द्यावे लागते. भुकटी थोड्या तेलात कालवून ढेप आणि धानाच्या कोंड्याच्या मिश्रणाला चोळतात. ते खाद्य भोके पाडलेल्या पिशव्यांत भरून बांबूंना टांगले जाते, नाहीतर काठावरून फेकले जाते. यात एक मूळचीच अडचण आहे. आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. तो कळपापासून सुटतो, काठाशी येऊन सुस्त तरंगतो, पिशवीकडे फिरकत नाही. ज्याच्यासाठी औषध टाकले त्याच्या पोटात ते जवळजवळ जातच नाही. निरोगी मासे ते खातात आणि उरलेले तळाशी बसते. निरोगी माशाने खाल्लेले औषधही पुष्कळसे बाहेरच पडते. मत्स्यशेतीत सर्रास वापरले जाणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या आतड्यातून फार थोडे शोषले जाते. दिलेल्या प्रतिजैविकांपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात व गाळात जातो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तलावाच्या पाण्यात मिसळलेले औषध इतके विरळ होते की त्याचा काही परिणाम उरत नाही, असे यावर सांगितले जाते. ऐकायला हे बरोबर वाटते, पण जीवशास्त्र याच्या उलट आहे. दाट मात्रा जिवाणूला मारते. विरळ मात्रा त्याला निवडते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की जिवाणूची वाढ थांबवायला जेवढे औषध लागते त्याच्या कितीतरी पट कमी, काही बाबतींत शंभरपटीहूनही कमी, मात्रेत प्रतिरोधी जिवाणू साध्या जिवाणूंवर मात करू लागतात. गाळात साचलेले, आठवडेन् आठवडे थोडेथोडे झिरपणारे औषध नेमकी हीच परिस्थिती निर्माण करते.

आणि जिवाणू एकटा वाचत नाही. प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या सुट्या, वर्तुळाकार डीएनएवर असतात, आणि हे प्लास्मिड एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. माशाला आजारी पाडणाऱ्या एरोमोनासकडची जनुके माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलायकडे जायला त्यामुळे माणूस आणि मासा यांच्यात कोणताही आजार सामायिक असावा लागत नाही. दोन्ही जिवाणू एका पाण्यात आले की पुरते. गावतलावात ते रोज येतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना बोथट करणाऱ्या क्यूएनआर जनुकांचे मूळ शोधताना संशोधक शेवानेला आणि व्हिब्रिओ या पाण्यातल्या जिवाणूंपर्यंत पोहोचले. फ्लोरफेनिकॉलला न जुमानण्याची शक्ती देणारे जनुक १९९६ मध्ये जपानी मत्स्यशेतीतल्या माशांच्या एका रोगजंतूत वर्णिले गेले, आणि त्याच कुळातले जनुक पुढे माणसाला आजारी पाडणाऱ्या साल्मोनेलाच्या कुप्रसिद्ध डीटी १०४ या वाणात सापडले. त्याचा प्रवास मत्स्यशेतीतून झाला असावा, असा तर्क गंभीर अभ्यासकांनी मांडला आहे. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले शेवटचे हत्यार. त्याला निकामी करणाऱ्या एमसीआर जनुकांपैकी तिसऱ्या प्रकाराचे मूळ एरोमोनासमध्ये असल्याचे पुरावे आहेत. पाणी हे प्रतिरोधाचे शेवटचे ठिकाण समजले जाते. या उदाहरणांत ते उगमस्थान ठरते.

औषध दिले नाही तर मासे मरतील आणि ढीवर बुडेल, ही दुसरी हरकत. ती कळकळीने मांडली जाते, म्हणून तिला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. तलावात मासे मरण्याचा सर्वांत ओळखीचा प्रसंग पहाटेचा असतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहते, पाणी हिरवेगार झालेले असते, आणि उजाडायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. कटला आधी, रोहू मागोमाग. ऊन चढेपर्यंत काही पांढरे पोट वर करून काठाला लागतात. हा रोग नाही. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळाचा कुजका गाळ असे सगळेच तो वापरतात; ऊन न पडल्याने दिवसाची शिल्लक कमी पडते आणि पहाटे तो संपतो. उपाय आहेत ते असे : बाहेरचे ताजे पाणी सोडणे, पाणी ढवळणे, पंपाने उपसून पुन्हा तलावातच फवाऱ्यासारखे पाडणे, काही दिवस खाद्य आणि शेणखत बंद ठेवणे. अशा पहाटे दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी तलावात रिकामी झाली तर तिच्यामुळे एकही मासा वाचत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, मासे सावरतात आणि श्रेय पुडीला जाते. पुढच्या वर्षी ती आधीच आणून ठेवली जाते.

अंगावर लाल व्रण पडून मासे मरणारा साथीचा रोग भारतात १९८८ मध्ये आला आणि मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या गावठी माशांना त्याने झोडपले. त्याचे मूळ कारण अफॅनोमायसिस हा बुरशीसारखा जीव आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात. या जिवावर चालत नाहीत. त्यासाठी भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने सिफॅक्स हे पाण्यात टाकायचे औषध तयार केले, आणि त्याच्या जोडीला चुना लागतो. कटला-रोहूच्या खवल्यांना चिकटणारी माशांची ऊ, म्हणजे आर्गुलस, हा डोळ्यांनी दिसणारा परजीवी आहे. त्यालाही प्रतिजैविकाने काही होत नाही. २०१८ मध्ये भारतात नोंदला गेलेला तिलापियाचा तलाव-विषाणू हा विषाणू आहे. विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. राहतो तो एरोमोनाससारख्या जिवाणूंचा जलोदर : पोट फुगते, खवले उभे राहतात, परांच्या बुडाशी लाली येते. येथे प्रतिजैविकाचा उपयोग होऊ शकतो. पण एरोमोनास जवळजवळ प्रत्येक तलावात कायम असतो. गर्दी, सडका गाळ, जखमा आणि उपासमार यांनी मासा खचला की तो उचल खातो. रोगाचे निदान न करता दिलेले औषध बहुतेक वेळा चुकीच्या शत्रूवर चालवलेले असते, आणि शत्रू बरोबर असला तरी त्याला बळ देणारी परिस्थिती जशीच्या तशी राहते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हेक्टरी थोडकी बोटुकली सोडून, शेणखत आणि कोंड्यावर मासे वाढवणारा पारंपरिक ढीवर प्रतिजैविके वापरत नाही. त्याला ती लागतही नाहीत. हरकत घेणारे याचाच दाखला देतात. पण तो दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. जुनी पद्धत निर्दोष आहे, म्हणून नव्या पद्धतीवर नजर ठेवायची गरज नाही, असे त्यातून निघत नाही. मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकलीची शिफारस असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या वीस हजार कोटींहून मोठ्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने बायोफ्लॉकच्या टाक्या, पुनर्चक्रित पाण्याची यंत्रणा आणि जलाशयातले पिंजरे यांना अनुदान दिले. दाटी वाढवूनच ज्या पद्धती परवडतात, त्यांत आजाराची भीतीही वाढते आणि औषधाचा मोहही. पंगस माशाच्या संवर्धनात तर जगभर प्रतिजैविकांचा वापर जास्त आढळलेला आहे. आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतला पंगस आणि रोहू बर्फात घालून मध्य भारताच्या बाजारांत येतो. बालाघाटच्या थाळीतला मासा बालाघाटच्याच तलावातला असतो, हे गृहीतकही आता धरता येत नाही.

शिवाय प्रतिजैविक तलावात शिरायला औषधाची पुडीच लागते असे नाही. कोंबड्यांचे खुराडे तलावाच्या काठावर, प्रसंगी खांबांवर पाण्याच्या वरच बांधायचे, म्हणजे विष्ठा थेट पाण्यात पडून खताचे काम करते. एकात्मिक मत्स्यपालन या नावाने ही पद्धत वर्षानुवर्षे शिकवली गेली. परसातल्या दहा गावठी कोंबड्या असतील तर त्यात काही बिघडत नाही. ब्रॉयलरच्या शेडमधले खत असेल तर त्यातून कोंबड्यांना दिलेली औषधे आणि त्यांना सरावलेले जिवाणू दोन्ही येतात. थायलंडमधल्या अशा कोंबडी-मासे तलावांवरचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो : एकात्मिक पद्धत सुरू झाल्यावर तलावातल्या जिवाणूंमधला प्रतिरोध वाढला. तलावाच्या मालकाने माशांना औषधाचा कणही दिलेला नसला तरी असे घडते. आणि ‘आम्ही औषध वापरत नाही’ हे प्रामाणिक उत्तर तेव्हा अपुरे पडते.

वापर नगण्य आहे, या म्हणण्याला जागतिक अंदाजांचाही आधार नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शार, लक्ष्मीनारायण, फान बोकेल आदींच्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये जगातल्या मत्स्यशेतीत सुमारे १०,२५९ टन प्रतिजैविके वापरली गेली, आणि त्यात चीनच्या खालोखाल, जवळजवळ ११ टक्के, वाटा भारताचा होता. माणसे, जनावरे आणि मासे यांच्या एकूण वापरात मत्स्यशेतीचा हिस्सा सहा टक्क्यांच्या आत आहे, एवढाच आकडा उचलून प्रश्न लहान ठरवला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र गाळला जातो. शरीराच्या किलोमागे हिशेब केला तर मत्स्यशेतीत सुमारे १६५ मिलिग्रॅम औषध लागते. माणसांत ९२ आणि जमिनीवरच्या खाद्यप्राण्यांत १४०. आणि मत्स्यशेतीतले औषध गोठ्यातून, उकिरड्यातून फिरून पाण्यात येत नाही. ते पाण्यातच दिले जाते.

खरा दोष दवाखान्यांचा आणि चिठ्ठीविना गोळ्या विकणाऱ्या दुकानांचा आहे, ही हरकत सर्वांत वजनदार. त्यात तथ्य मोठे आहे. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले, असा लॅन्सेटमधल्या २०२२ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातला फार मोठा वाटा माणसांच्या औषधवापराचा आहे, यात शंका नाही. टायफॉइडवर एके काळी हुकमी असलेले सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात निष्प्रभ झाले ते मुख्यतः माणसांनीच ते कुठेही, कसेही घेतल्यामुळे. पण एका दोषी पक्षाकडे बोट दाखवले म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. आणि दवाखान्याचा प्रतिरोध दवाखान्यातच राहतो, असेही नाही. दिल्लीतल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधाचे जनुक सापडले. सांडपाण्यातून आलेली अशी जनुके ज्या तलावात पोहोचतात, तिथे प्रतिजैविकाचा थोडा जरी अंश असला तर ती टिकतात आणि पसरतात. तो अंश नसला तर ओझे ठरून हळूहळू मागे पडण्याची शक्यता तरी असते. दवाखान्यातला गैरवापर खरा आहे, म्हणूनच तलाव स्वच्छ राखण्याची निकड वाढते.

मासा शिजवला की जिवाणू मरतात, हेही सांगितले जाते. मरतात. पण मासा शिजण्याआधी त्याला कितीतरी हात लागलेले असतात : जाळे ओढणारे, टोपलीत भरणारे, बाजारात विळीवर बसून खवले काढणाऱ्या ढीवर स्त्रिया, घरी तो धुणाऱ्या बायका. काट्याने आणि परांच्या टोकांनी बोटे फाटणे हे या कामात रोजचे. एरोमोनास अशाच जखमांतून शिरतो. शिवाय औषधाचा अंश सगळाच चुलीवर नष्ट होत नाही. नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांपासून माशाच्या अंगात तयार होणारे पदार्थ शिजवूनही टिकतात. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित का होईना, पण रक्त तयार होणेच थांबते, आणि त्यासाठी सुरक्षित किमान मात्रा सांगता येत नाही. ही दोन्ही प्रकारची औषधे खाद्यप्राण्यांत निषिद्ध ठरली आहेत. तरीही मुख्य मुद्दा ताटाचा नाही. चूल ताटातल्या माशापुरतीच असते. तलाव, बांध्या आणि गाळ तिच्या पलीकडे राहतात.

कायदा काय म्हणतो हे पाहिले तर दुजाभाव उघड होतो. युरोपला जाणाऱ्या भारतीय कोळंबीचा नमुना तळ्यातून काढण्यापूर्वीच तपासला जातो, आणि २०१६ मध्ये युरोपीय संघाने बंदरावरच्या तपासणीचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पन्नास टक्के केल्यावर निर्यातदार, समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण आणि प्रयोगशाळा सगळे खडबडून कामाला लागले. अवशेषांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय योजना निर्यातीसाठी आखली गेली. देशातल्या खाणाऱ्यासाठी २०११ चे अन्नसुरक्षा नियम होते. त्यांनी माशातल्या टेट्रासायक्लिनला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान, फ्लुरोक्विनोलोन अशांवर बंदी घातली. पण बंदीचे शब्द होते ‘मासे प्रक्रिया करणारे युनिट’ असे. गावतलाव हे प्रक्रियेचे युनिट नव्हे. २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली तेव्हा मत्स्यशेतीचे नाव स्पष्ट घेतले गेले, आणि अलीकडे, १ एप्रिल २०२५ पासून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदीची यादी आणि व्याप्ती वाढवली. कागदावर फट बुजत आली आहे. बाजारात ती बुजण्यासाठी माशाचा नमुना उचलला गेला पाहिजे.

औषधांच्या कायद्यात मात्र एक तरतूद अशी आहे जी प्रत्येक मत्स्यसंस्थेच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या नियम ९७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. औषधाच्या वेष्टनावर माशासाठी वेगळा कालावधी सिद्ध करून दिलेला नसेल, तर औषध दिल्यापासून किमान ५०० अंश-दिवस मासा विकता येत नाही. हिशेब साधा आहे : पाण्याचे तापमान गुणिले दिवस. पाणी २५ अंशांवर असेल तर २० दिवस. हिवाळ्यात ते २० अंशांवर उतरले तर २५ दिवस. थंड पाण्यात माशाच्या अंगातून औषध हळू निघते, म्हणून थांबायचे दिवस वाढतात. औषध दिलेल्या तलावात आठवड्याने जाळे पडले, तर कायदा मोडलेला असतो आणि तो मोडल्याचे जाळे टाकणाऱ्याला कोणी सांगितलेलेही नसते. दोष त्याच्यावर लादणे अन्यायाचे आहे. पुडी विकणाऱ्याने आणि खात्याने ते सांगायला हवे होते.

निर्बंध आले की गरीब मच्छीमार मरतो, ही शेवटची हरकत, आणि तिला नॉर्वेचे उत्तर आहे. १९८७ मध्ये तिथल्या सामन माशांच्या शेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. उत्पादन तेव्हा पन्नास हजार टनांच्या आसपास होते. रोगप्रतिबंधक लसी आल्या, पिंजऱ्यांमधले अंतर वाढवले गेले, एक पीक निघाल्यावर जागा मोकळी ठेवण्याची शिस्त लागली, प्रत्येक औषधाला पशुवैद्याची चिठ्ठी सक्तीची झाली. आज उत्पादन पंधरा लाख टनांच्या घरात आहे आणि प्रतिजैविकांचा वार्षिक वापर गेली कित्येक वर्षे एका टनाच्या आत आहे. तोच मासा वाढवणाऱ्या चिलीने २०१४ मध्ये साडेपाचशे टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली. दोन्ही देशांत मासा एकच, फरक व्यवस्थेचा. बालाघाटच्या कार्प माशांसाठी नॉर्वेसारख्या लसी अजून गावोगाव पोहोचलेल्या नाहीत, हे खरे. पण येथे त्याहून स्वस्त साधने हाताशी आहेत : उन्हाळ्यात तलाव तापू देणे, हेक्टरी दोन-अडीचशे किलो चुना, बोटुकली सोडण्यापूर्वी मिठाच्या किंवा लाल दवेच्या पाण्यातून काढणे, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त बीज न सोडणे, आणि मेलेला मासा काठावर न टाकता पुरणे. यातली प्रत्येक गोष्ट पुडीहून स्वस्त पडते. महाग पडते ती बिनकामाची पुडी, जी दरवर्षी विकत घ्यावी लागते.

मध्य प्रदेशाने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा राज्य कृती आराखडा २०१९ मध्येच जाहीर केला. केरळनंतर असे करणारे ते दुसरे राज्य. त्या आराखड्याचा हात बालाघाटच्या पाळीपर्यंत पोहोचवण्यासाठी नवा कायदा लागत नाही. तलावाचे पट्टे पंचायती दहा वर्षांसाठी देतात आणि त्यांत वंशपरंपरागत मच्छीमारांच्या संस्थांना प्राधान्य असते. त्या करारात ब्रॉयलर शेडचे कच्चे खत न टाकण्याची आणि औषध दिल्यास तारीख नोंदवण्याची अट घालता येते. चिठ्ठीविना प्रतिजैविक न विकण्याचा नियम मत्स्यखाद्याच्या दुकानालाही लावता येतो. मासे मरू लागले तर नमुना कुठे न्यायचा, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक असले पाहिजे. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुविज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय दोन्ही आवाक्यातली आहेत. बाजारातल्या माशाची तपासणी करताना तलावातला रोहू आणि बर्फातला पंगस असा भेद करता येणार नाही. दोन्हींचे नमुने उचलावे लागतील. आणि वैनगंगा, बावनथडी, वाघ या नद्यांच्या दोन्ही तीरांवरचे नमुने बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या तिन्ही जिल्ह्यांनी एकाच यादीवर, एकाच पद्धतीने तपासून निकाल एकमेकांना कळवावे लागतील, कारण वरच्या तीरावर काय मिसळले याची माहिती खालच्या तीराला आज मिळतच नाही.